यूकेहून गाडी पुण्याला आणायचीय, एआरएआय सर्टिफिकेटसाठी चांगला एजंट सुचवा

पौडरोड
नमस्कार मंडळी. माझा दादा लेस्टरहून कायमचा परत येतोय. त्याचा उजवा पाय अधू आहे म्हणून त्याच्या ऑटोमॅटिक हॅचबॅकला हँड कंट्रोल बसवलेत, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हातानेच. त्याला त्या गाडीची पक्की सवय झालीय त्यामुळे तीच आणायची म्हणतोय. एआरएआय (गाड्या तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था) कोथरूडात, आमच्या घराजवळच, पण तिथे अर्ज कोण करतं, आधी कस्टम्स की आधी टेस्ट, काहीच कळत नाहीये. कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, एजंट सुचवलात तर फारच बरं.

नगरी
एजंटचं नंतर, आधी गाडी कधी बनली ते सांगा. जुनी गाडी आयात करायची तर ती बनल्यापासून 3 वर्षांच्या आत इथे पोचायला लागते. यूकेच्या लॉगबुकवर, म्हणजे तिकडच्या आरसीवर, पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख असते ती धरू नका, गाडी त्याच्या कित्येक महिने आधी बनलेली असू शकते, तेव्हा कंपनीकडून उत्पादनाच्या तारखेचं पत्र मागवा. स्टिअरिंग उजवीकडे आहे हे बरंय, दुबईवाल्यांचं गाडं तर तिथेच अडतं. वापरलेली गाडी उतरवायला फक्त मुंबई बंदर, बाकी कुठलं चालत नाही.

टेस्ट दोनदा होते. जहाजात चढवण्याआधी तिकडे एकदा, तिचं सर्टिफिकेट लागतं, शिवाय गाडी तिच्या मूळ होमोलोगेशनप्रमाणेच (म्हणजे ते मॉडेल तपासून दिलेल्या सरकारी मंजुरीप्रमाणेच) आहे असंही सर्टिफिकेट लागतं. मग बंदरावर उतरल्यावर, कस्टम्समधून सुटायच्या आधी, दुसरी. ती एआरएआय पुणे, आमच्या नगरचं व्हीआरडीई (संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था) किंवा मध्य प्रदेशातलं बुदनीचं सरकारी टेस्टिंग सेंटर यांपैकी एकाकडे. म्हणजे घराजवळ एआरएआय असलं तरी गाडी आधी घरी आणून मग निवांत टेस्टला नेऊ, असं होत नाही. आणि पुढची 5 वर्षं या गाडीची सर्व्हिस भारतात मिळेल याची हमीही द्यावी लागते, ते मॉडेल इथे विकतच नसतील तर ती कोण देणार?

रातराणी७
ड्युटीचं कोणी बोललंच नाही! कस्टम ड्युटी आणि वर जीएसटी मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त भरायला लागतं हो, आणि कायमचं परत येणाऱ्यांना घरसामानावर सवलत असते ती गाडीला नाही. मी तुमच्या जागी असते तर गाडी तिकडेच विकली असती.

गिअरबॉक्स
रातराणीताईंशी सहमत, पण आणायचीच असेल तर काचा बघा. यूकेत मागच्या काचा कितीही काळ्या चालतात, खूप गाड्या कंपनीतूनच तशा येतात. आपल्याकडे पुढची-मागची 70 टक्के आणि बाजूच्या 50 टक्के प्रकाश जाऊ देणाऱ्या लागतात. स्पीडोमीटरवर किलोमीटर हवेत. बाहेरून काही वेगळं बसवलेलं असेल, एक्झॉस्ट, सस्पेन्शन, तर ते काढून मूळचं परत लावूनच पाठवा. इथे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचा बदल चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे 5,000 दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं.

पौडरोड
बापरे. मग हँड कंट्रोलचं काय? ते तर बदलच झाले ना? दादा त्याशिवाय चालवूच शकत नाही.

गिअरबॉक्स
त्याला वाट ठेवलीय. दिव्यांग व्यक्तीसाठी केलेला बदल कायद्याला मान्य आहे, अशा गाडीला ॲडाप्टेड व्हेइकल म्हणतात, लायसन्समध्येही तो प्रकार वेगळा आहे. पण मान्य म्हणजे आरटीओत दाखवून आरसीवर नोंद करून घेतलेला, गॅरेजमध्ये बसवला आणि निघालो असं नाही. तिकडचं किट मूळ होमोलोगेशनमध्ये नसणार, त्यामुळे ते आयातीच्या टेस्टमध्ये कसं धरतील हे गाडी पाठवायच्या आधी एआरएआयकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर जहाजाचं बुकिंग करू नका.

नगरी
एजंटबद्दल: परवानाधारक कस्टम ब्रोकरच घ्या, आणि घरसामान सोडवणारा नको, वापरलेल्या गाड्या सोडवलेला हवा. आधीच्या एखाद्या गाडीचं बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्समध्ये भरलेला आयातीचा कागद) आणि टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट दाखवा म्हणावं, नाव-नंबर झाकून दाखवेना का. जो काचकूच करेल तो सोडा. बंदरात जितके दिवस गाडी अडकेल त्याचं भाडं कोण भरणार तेही आधीच कागदावर घ्या.

पौडरोड
सगळ्यांचे मनापासून आभार. दादाशी बोललो, कंपनीने चॅसी नंबरवरून तारीख काढून दिली, 3 वर्षं होऊन गेलीत. म्हणजे विषयच मिटला. त्याला वाईट वाटलंय, त्या गाडीने त्याला कुणावर अवलंबून न राहता फिरता आलं. आता इथेच ऑटोमॅटिक घेऊन हँड कंट्रोल लावायचे ठरतंय. पुणे-पिंपरीत हे काम नीट करणारं कोणी?

रातराणी७
माझ्या मामेबहिणीने लावलेत, तपशील व्यनि (खासगी निरोप) करते. किटचं अप्रूव्हल आणि आरसीवरची नोंद दोन्ही हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि गाडी बुक करायच्या आधी दादांना त्यांच्या वर्कशॉपमध्ये नेऊन सीटवर बसवून बघा, लिव्हरची जागा प्रत्येकाच्या हाताला वेगळी लागते.