घोड्याची कंबर 'सरकते' का? कायरोप्रॅक्टिक की फिजिओ?

तांबडी घोडी
माझी नऊ वर्षांची घोडी ओल्या गवतावर मागचा पाय घसरून बसली, त्याला सहा आठवडे झाले. तेव्हापासून मागून पाहिलं की उजवा पुठ्ठा डाव्यापेक्षा खाली दिसतो. दुडकीत फारसं जाणवत नाही, पण कँटरला (दुडकीपेक्षा वेगाच्या धावेत) मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलते. नालबंदाने डावा मागचा पाय धरला की अर्ध्या मिनिटात ओढून घेते. व्हेटने पाय तपासले, लंगडत नाही म्हणाले. मग एका कायरोप्रॅक्टरला (हाताने दाब-झटके देऊन सांधे मोकळे करणाऱ्याला) दाखवलं. त्यांच्या मते कंबरेचं हाड फिरलंय, तीन बैठकांत जागेवर येईल. पहिल्या बैठकीनंतर दोन दिवस घोडी सुरेख मोकळी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

माझं मत आता पक्कं होत चाललंय की हाड बसवण्याच्या मागे न लागता सरळ फिजिओचे व्यायाम सुरू करावेत. तुम्हाला काय वाटतं?

खरारा
असहमत. दोन दिवस मोकळी चालली, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. महिनाभर आखडलेलं अंग एका बैठकीत कायमचं कसं सुटेल? माझ्या घोड्याला डाव्या हाताला वळताच येत नव्हतं. कायरोप्रॅक्टरने हात लावल्यावर घोड्याने मान खाली टाकली, जिभेने ओठ चाटले, लागोपाठ चार-पाच जांभया दिल्या आणि त्याच संध्याकाळी वर्तुळ पूर्ण केलं. घोड्याला कुणी 'आता बरं वाटेल' म्हणून सांगितलेलं नसतं. त्याला बरं वाटलं म्हणजे वाटलंच. दुखतंय तोवर तो व्यायामही वाकडाच करणार, म्हणून आधी मोकळं करा, मग बळकट करा.

पुठ्ठा आणि पाठ
@खरारा, घोड्याला आराम पडला, यावर माझा वाद नाही. मी पशुवैद्य आहे, असा फरक मीही पाहिलाय. माझा आक्षेप 'हाड फिरलंय' या वाक्यावर आहे.

वाढ झालेल्या घोड्यात कंबरेच्या कड्याची हाडं एकमेकांना जुळून एकजीव झालेली असतात. हे कडं पाठीच्या कण्याला त्रिकास्थीपाशी (शेपटीच्या आधीच्या हाडापाशी) जोडलेलं असतं आणि तिथले अस्थिबंध इतके दणकट असतात की त्या सांध्याची हालचाल एखाद्या अंशाचीच. वर पुठ्ठ्याचा जाड स्नायू. पाचशे किलोच्या जनावराचा तो सांधा हाताच्या एका झटक्याने फिरवून जागेवर बसवता येतो, हे मला पटत नाही. हाताच्या उपचारानंतर पाठीची दाब सोसण्याची क्षमता वाढते, हे दाबमापकाने मोजलं गेलंय. म्हणजे वेदना कमी होते आणि स्नायू सैल पडतात. हाड हललं असा त्याचा अर्थ होत नाही.

मग पुठ्ठा खाली का दिसतो? बहुतेकदा घोडं एक पाय कमी वापरतं आणि त्या बाजूचा स्नायू उतरतो. मूळ दुखणं गुडघ्यात किंवा हॉकमध्येही (मागच्या पायाच्या घोट्याच्या सांध्यातही) निघू शकतं. काही घोड्यांचे पुठ्ठ्यावरचे उंचवटे जन्मभर कमीजास्त असतात, तरी ती उत्तम पळतात.

आणि एक शक्यता आहे जिच्यामुळे मी हे इतकं लांबवून लिहितोय: फ्रॅक्चर. पडताना कमरेचा बाहेरचा कोपरा तुटला तर ती बाजू बसकी दिसते. शर्यतीच्या घोड्यांत तर न पडताही वरच्या रुंद हाडाला ताणाने बारीक चीर जाते. ती चीर असताना जोर लावला आणि हाड पूर्ण तुटून सरकलं, तर त्याची धार आतली मोठी धमनी कापू शकते. असं घोडं वाचत नाही. साध्या एक्स-रेत हा भाग नीट येत नाही, अल्ट्रासाउंड किंवा बोन स्कॅन लागतो. @तांबडी घोडी, तुमच्या घोडीचे पाय तपासले गेले, कंबर कुणी तपासलीये का?

खरारा
फ्रॅक्चरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पडलेल्या घोड्याला तपासणीविना हात लावायलाच नको होता, तिथे मी तुमच्या बाजूने. पण निदान झाल्यावर काय? अमुक इतके महिने पागेत उभं करून ठेवा, एवढंच सांगून निघून जाणारे व्हेटही मी पाहिलेत. कायरोप्रॅक्टर तासभर घोड्याच्या अंगावर हात ठेवून बसतो, कुठे थरथरतंय ते शोधतो. त्याची भाषा चुकत असेल, हात चुकत नाही.

दुडकी
भाषा चुकली की उपचारही चुकतो हो. हाड बसलं म्हटल्यावर मालक तिसऱ्या दिवशी खोगीर चढवतो!

मी पुनर्वसनाचं काम करते. @तांबडी घोडी, व्हेटने परवानगी दिली तरच हे करा. गाजर दाखवून घोडीची हनुवटी छातीकडे, मग पुढच्या गुडघ्यांमध्ये, मग बरगडीकडे आणि मागच्या पायाकडे न्या, प्रत्येक ठिकाणी काही क्षण थांबवा. आठ घोड्यांवर असे व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने करून घेतले, तेव्हा कण्यालगतचा खोल स्नायू अल्ट्रासाउंडवर जाड झालेला दिसला. हा अभ्यास 2011 सालचा. घोडी लहान खरी, पण ज्या स्नायूने कंबर धरून ठेवायची तोच वाढला. पुढे हातात दोरी धरून चालवणं, जमिनीवरच्या बांबूंवरून हळू पावलं, मग सौम्य चढ. छोट्या वर्तुळात गोल फिरवणं मात्र सध्या बंद.

खरारा
'घोडी लहान' की 'आकडा लहान'? :) बाकी व्यायाम मीही करून घेतो, हातोपचारानंतर.

दुडकी
आकडाच! घाईत लिहिलं. आणि 'नंतर' की 'ऐवजी' यावर आपलं एकमत होईलसं वाटत नाही. माझ्याकडे आलेली निम्मी घोडी नुसत्या चालण्याने सैल पडतात, हे मी रोज बघते.

नाल आणि खूर
मागच्या दोन्ही नाला काढून शेजारी ठेवून बघा. एकाचं टोक जास्त झिजलं असेल तर तो पाय ओढला जातोय, आणि हे पुठ्ठा उतरायच्या आधीपासून दिसतं. पाय ओढून घेते म्हणून मारू नका. डावा उचलला की सगळा भार उजव्या कमरेवर येतो, तिला तो सोसत नाही. नालबंदाला पाय त्याच्या गुडघ्याइतकाच वर धरायला सांगा, तोही दोन-तीन टप्प्यांत.

तांबडी घोडी
@पुठ्ठा आणि पाठ, नाही, कंबर कुणीच तपासलेली नाही. तुमचं उत्तर वाचून पागेत जाऊन आले. उजव्या कोपऱ्यावर नुसता तळवा ठेवला तर कातडी थरारली आणि तिने कान मागे टाकले, डावीकडे काहीच नाही. दुसरी बैठक रद्द केली आहे. परवा अल्ट्रासाउंड आहे. तोवर फिरवणंही बंद ठेवलंय. नाल पाहिली, उजव्या नालेचं टोक बोटाच्या नखाएवढं जास्त झिजलंय.