बगदाद १२५८ साली पडलं. सुवर्णयुगही तेव्हाच संपलं का?

मुसाफिर
मंगोल सरदार हुलागूने बगदाद लुटलं आणि इस्लामी जगातल्या विद्येचं सुवर्णयुग संपलं, हे वाक्य मी शाळेपासून ऐकतोय. मला ते पटत नाही. बगदादच्या अब्बासी खलिफांची सत्ता तीनशे वर्षं आधीच गेली होती. ९४५ साली बुवैही हे इराणी घराणं बगदादेत शिरलं आणि खलिफा नावापुरता उरला. वैद्य इब्न सीना, खगोलज्ञ अल-बिरूनी, प्रकाशाचा अभ्यासक इब्न अल-हैथम यांची मोठी कामं त्यानंतरचीच! बिरूनी गझनीत, हैथम फातिमींच्या कैरोत. राज्य फुटलं, दरबार वाढले. एकीकडे मर्जी गेली तर विद्वानाला दुसरं दार उघडं होतं. इब्न सीना तर बुखाऱ्यापासून इस्फहानपर्यंत असाच फिरला.

नर्मदाकाठ
साफ अमान्य. हे सगळे जेवले, पण स्वयंपाक बगदादचा होता. अब्बासी खलिफा मन्सूरने ७६२ साली शहर वसवायला घेतलं. त्याच्याच दरबारात आपल्याकडचं ज्योतिषगणित 'सिंदहिंद' नावाने अरबीत उतरलं. पुढे भाषांतरकार हुनैन इब्न इस्हाकने ग्रीक वैद्य गॅलेन अरबीत आणला. गॅलेन अरबीत नसता तर इब्न सीनाने वैद्यक कशाच्या आधारावर लिहिलं असतं? बगदादचाच प्रवासी इतिहासकार मसूदी ९१६ च्या सुमारास आपल्या चौलला येऊन गेला आणि राष्ट्रकूट राजाबद्दल 'बल्हारा' म्हणून लिहून गेला. हे कुतूहल त्या शहराने घडवलं. तिथल्या कत्तलीला 'आधीच संपलं होतं' म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

मुसाफिर
कत्तल मी नाकारत नाही, ती भयंकरच होती. पण पुढच्याच वर्षी, १२५९ मध्ये, खगोलज्ञ नसीरुद्दीन तूसीने इराणातल्या मराग्याला वेधशाळा उभारायला घेतली. ग्रहगतीसाठी त्याने बसवलेली दोन वर्तुळांची रचना पुढे कोपर्निकसच्या ग्रंथातही दिसते. युग संपलं असतं तर हे कुठून आलं?

नर्मदाकाठ
त्या वेधशाळेचा पैसा हुलागूचाच होता ना? ज्याने बगदाद उजाडलं त्याच्याच पदरी राहून तूसीला काम करावं लागलं. याला मी भरभराट म्हणणार नाही.

जुनी_नाणी
दोघेही दमास्कस विसरलात, अब्बासींच्या आधीच्या उमय्या घराण्याची राजधानी. उमय्या खलिफा अब्द अल-मलिक (६८५–७०५) याने सरकारी दफ्तर ग्रीक आणि फारसीतून अरबीत आणायला घेतलं, चित्राऐवजी फक्त मजकूर असलेले सोन्याचे दिनार पाडले. तो पाया नसता तर हुनैनने भाषांतर कोणत्या भाषेत केलं असतं? उमय्यांचा अन्यायही सांगतो: मुसलमान झालेल्या बिगर-अरबांकडूनही ते अनेकदा जिझिया उकळत. ७४७ साली खुरासानातून जे बंड उठलं, त्यामागे हाही राग होता, आणि त्याच बंडाने अब्बासींना गादी दिली.