मस्कत–सलाला किनाऱ्याने: सबखा आणि दव

डिसेंबरात ओमानमध्ये मस्कतहून सलालाला आतला सरळ रस्ता सोडून किनाऱ्याने, तंबूत मुक्काम करत जावं का, असं विचारलंय. जावंच. पण वाळूपेक्षा सबखाला, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या सपाट जमिनीला घाबरा. मसिरा बेटासमोर, बर्र अल हिकमानकडे ही खारी जमीन वरून कोब्यासारखी टणक दिसते आणि खाली नुसता चिखल. आमची गाडी पार पायदानापर्यंत रुतली. चार तासांनी एका मच्छीमाराने पिकअपने ओढून काढली. पैसे घेईना, उलट खजूरच हातावर ठेवले! तेव्हा आधीच्या चाकोऱ्या सोडू नका आणि एकट्या गाडीने तर उतरूच नका. थांबलात तर ओहोटीला पक्षी बघा, थंडीत तिथे लाखोंनी येतात.

अल खलुफच्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांवर टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा. परत भरायला पंप हवाच. थंडी पुण्याइतकीही नाही, पण दव! सकाळी तंबूवरून पागोळ्या गळत होत्या, काडेपेटीतली एक काडी पेटेल तर शपथ. लायटर न्या. पेट्रोलपंप दिसला की टाकी फुल, अर्धी असली तरी.