अमिगा ५०० ला "आठ एमबी घालाच" म्हणणाऱ्यांसाठी

हौदकाठी
काल 'वेगवेडा' यांनी अमिगा ५०० हा जुना घरगुती संगणक बाळगणाऱ्या एका नवख्या सभासदाला सल्ला दिला: "५०० च्या ट्रॅपडोअरमध्ये ५१२ केबीचं कार्ड लावणं म्हणजे पैशांचा चुराडा. सरळ ८ एमबी फास्ट रॅम घ्या, मशीन दुप्पट पळतं." (ट्रॅपडोअर म्हणजे मशीनच्या पोटाखालचा कार्डाचा कप्पा. फास्ट रॅम एकट्या प्रोसेसरची, चिप रॅम चित्र-आवाजाच्या चिपांसोबत वाटून घेतलेली.) तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

दुप्पट कुठून आणलंत? नंतरच्या अमिगा १२०० वर फास्ट रॅम घातली की वेग जवळपास दुप्पट होतो, मान्य. तिथला ६८०२० प्रोसेसर नुसत्या चिप रॅमवर ताटकळत बसतो. ५०० मध्ये आहे ७ मेगाहर्ट्झचा साधा ६८०००. त्याला रॅमकडे जाणाऱ्या बसवर एकाआड एक पाळी मिळते आणि त्याची भूकही तेवढीच. लो-रेझमध्ये (कमी रेझोल्यूशनला) चार बिटप्लेनपर्यंत, म्हणजे सोळा रंगांपर्यंत, स्क्रीन त्याच्या आड येत नाही. पाच-सहा बिटप्लेन लावा, हाय-रेझमध्ये सोळा रंग लावा, नाहीतर चित्रं इकडून तिकडे हलवणारा ब्लिटर जुंपा, मग त्याचा खोळंबा होतो आणि तेव्हाच फास्ट रॅमचा फरक दिसतो. चार रंगांच्या वर्कबेंचवर (अमिगाच्या डेस्कटॉपवर) ज्याला दुप्पट वेग जाणवतो, त्याने खर्चाची पावती बाजूला ठेवून पुन्हा बघावं.

आता खेळ. 'डंजन मास्टर' १ एमबी मागतो. त्या काळच्या कितीतरी खेळांनी आणि डेमोंनी (मशीनची करामत दाखवणाऱ्या प्रोग्रॅमांनी) ५१२ चिप अधिक ५१२ ट्रॅपडोअर हीच मांडणी गृहीत धरलेली आहे. काही महाभागांनी ट्रॅपडोअर रॅमचा सी००००० हा पत्ता थेट कोडमध्ये कोंबलाय. तुमची आठ एमबी बसते २००००० पासून. तिकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

फ्लॉपीवर खेळणाऱ्याने आधी ट्रॅपडोअर भरावा. हार्ड डिस्क आली की फास्ट रॅमचं बघावं.

वेगवेडा
नाव घेऊन धागा काढलात, धन्य झालो.

फ्लॉपीवर आज खेळतं कोण? माझ्या निम्म्या डिस्कांवर बुरशी आहे. सगळे हार्ड डिस्कवरून खेळ चालवणाऱ्या डब्ल्यूएचडीलोडवर आलेत. त्याला किकस्टार्ट (मशीनची रॉम) निदान २.० लागतं आणि मोकळी रॅम लागते, ५१२ मध्ये तुमचं काय होणार? आणि त्या ट्रॅपडोअर रॅमला लोक 'स्लो' उगाच म्हणत नाहीत. चिपसेटच्याच, म्हणजे त्या चित्र-आवाजाच्या चिपांच्याच, बसवर लटकलेली, म्हणजे प्रोसेसर अडणारच. वर चिपसेटला ती वापरता येत नाही ती नाहीच. धड इकडची ना तिकडची.

लेस्टरकर
तुमचं चालू द्या. कार्ड कुठलंही घ्या, आधी त्यावरची घड्याळाची बॅटरी कापा. मी ५०० इथेच इंग्लंडात घेतला, कार्ड मूळ ए५०१. मधली काही वर्षं माळ्यावर. खाली काढून पत्र्याचं आवरण उघडलं तर निकेल-कॅडमियमची बॅटरी फुटलेली, घड्याळाच्या चिपचे पाय हिरवे, आणि बोट लावलं तसा एक पाय तुटून हातात आला. मदरबोर्डच्या पिनांपर्यंत हिरवट खार पोचला होता. रॅमच्या गप्पा मग मारा.

सोल्डरताई
लेस्टरकर, बरोबर. त्यात क्षार असतो, म्हणून आधी व्हिनेगर, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. नुसतं घासून हिरवा रंग गेला म्हणजे झालं, असं नाही. ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) आतून खाल्ली जाते.

हौदकाठी
त्यात काय, सीआर२०३२ ही बटण-बॅटरी लावायची आणि मोकळं व्हायचं.

सोल्डरताई
अहो थांबा! मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं. लिथियमचं बटण तिथे सरळ लावलंत तर तेही चार्ज करायला जाईल. मध्ये डायोड हवाच. असले अर्धवट सल्ले वाचून लोक कार्डं जाळतात आणि दुरुस्तीला माझ्याकडे येतात.

वेगवेडा
मुळात घड्याळ हवंय कशाला? १९८७ च्या मशीनला आजची तारीख कळून काय करायचंय?

लेस्टरकर
फाइल सेव्ह केली की प्रत्येकीवर तीच ती जुनी तारीख. नवी आवृत्ती कुठली, जुनी कुठली, काही कळत नाही. पण तुम्ही फाइल सेव्ह करत नाही, नुसते वेगाचे आकडे बघता, हे विसरलोच.

वेगवेडा
वैयक्तिक होऊ नका. तुमच्यासारखं इंग्लंडात बसून भंगाराच्या भावात कार्डं मिळत नाहीत आम्हाला. इथे कार्डाइतकाच टपालखर्च, वर कर. म्हणून म्हणतो, एकदाच काय ते चांगलं घ्या. दोनदा पार्सल सोडवायला कोणाच्या बापाचे पैसे आहेत?

स्पेक्ट्रमवाला
आमच्या डीबी स्पेक्ट्रम प्लस संगणकात ४८ केबी रॅम होती. त्यातली पावणेसात केबी स्क्रीनच खायची. उरलेल्यात अख्खा खेळ मावायचा. तुम्ही आठ एमबीवरून भांडताय.

सोल्डरताई
काका, दर धाग्यावर तेच.

स्पेक्ट्रमवाला
दर धाग्यावर तेच भांडण असतं, म्हणून.

नवखा_५००
प्रश्न माझा होता हो. बोर्डावर रेव्ह ६ए लिहिलंय. किकस्टार्ट १.३, फ्लॉपीच आहे. डिलक्स पेंटमध्ये थोडी चित्रं काढायचीत. कोणतं घेऊ?

सोल्डरताई
अग्नस चिपवरचा नंबर वाचा. ८३७२ए असेल तर बोर्डावरचा जेपी२ जंपर बदलून आणि एक ट्रेस कापून ट्रॅपडोअरची ५१२ चिप रॅममध्ये जमा होते. १ एमबी चिप. चित्रं, आवाज सगळं चिप रॅममध्येच राहतं, त्यामुळे पेंटसाठी याचा उपयोग आठ एमबीपेक्षा जास्त.

हौदकाठी
आणि मग सी००००० वाले डेमो? त्यांना ती रॅम सापडणारच नाही.

सोल्डरताई
म्हणून ट्रेसच्या जागी स्विच लावतात. मशीन बंद करून फिरवायचा.

वेगवेडा
चला, म्हणजे ट्रॅपडोअर कार्ड 'पैशांचा चुराडा' नाही, फक्त त्याला सोल्डरिंग, सुरी, स्विच आणि ताई लागतात. घ्या बाबा तेच. हार्ड डिस्क आली की माझ्याकडेच याल.

हौदकाठी
हार्ड डिस्क आली की आठ एमबी घ्या असं मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. वाचायची सवय ठेवा.

नवखा_५००
उघडून बघितलं. ८३७२ए आहे. ट्रॅपडोअरमध्ये आधीच एक कार्ड होतं, मला माहीतच नव्हतं. पण त्यावर हिरवं काहीतरी आलंय.

लेस्टरकर
मशीन चालू करू नका. आधी फोटो टाका.