‘शोध दर’ म्हणजे शोध घेतल्याचा की लागल्याचा?

पंचवटीकर: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीवर माहितीपत्रक मराठीत करतेय. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं आतून बघणं) किती बारकाईने होते, याचं मुख्य माप एडीआर, म्हणजे ‘ॲडेनोमा डिटेक्शन रेट’: शंभर जणांच्या तपासणीत किती जणांना किमान एक ॲडेनोमा (पुढे कर्करोग होऊ शकेल असा पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेली वाढ) सापडला. मी ‘ॲडेनोमा-शोध दर’ लिहिलं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘हा दर विम्यात बसतो का?’ घरी द्राक्षबाग, दर म्हणजे भावच. ‘प्रमाण’ करू का?

कॉलेजरोड: जन्मदर, मृत्युदर रुळलेत की. अडचण ‘शोध’ची आहे. शोध घेणं वेगळं, लागणं वेगळं. दुर्बीण बाहेर काढताना सरासरी किमान 8 मिनिटं अस्तर न्याहाळायचं, हे घेणं. एडीआर मोजतो ते लागणं. अमेरिकेत त्याची किमान पातळी 25 टक्के होती, 2024 मध्ये 35 केली. नजरेतून निसटलेले ॲडेनोमा मोजणार कसे? म्हणून सापडलेले मोजतात. ‘शोध दर’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

निफाडकर: आधी ॲडेनोमा कोणाला कळणार ते बघा. बागेत बगलफूट (पानाच्या बगलेतला जादा फुटवा) वेळीच खुडतो, तसाच पॉलिप काढतात. बगलफूट म्हणा, जिल्ह्यात सगळ्यांना कळेल.

सिन्नरकर: बगलफूट निरोगी वेलीलाही येते, तिचा रोग होत नाही. ‘मांसांकुर’ हा चांगला शब्द असताना हे कशाला?

देवळालीकर: आयुर्वेदात मांसांकुर मूळव्याधीला म्हणतात. ‘मोड’ लिहा, लोक मलम मागतील. ‘गाठ’ लिहा, हाय खातील. तीस वर्षं वॉर्डात आम्ही पॉलिपच म्हटलं. कोणी विचारलं तर ‘आतली चामखीळ’.

सिन्नरकर: वॉर्डात चालतं म्हणून छापायचं? मग मराठीत पत्रक काढताय कशासाठी?

देवळालीकर: पेशंटला कळावं म्हणून!

ओझरकर: ताई, पत्रकात ‘पोट साफ करून या’ असेल तर ते आधी बदला. आमच्या आईला रोज सकाळी साफ व्हायचं. तिला वाटलं, आपलं झालंच आहे. जुलाबाच्या औषधाचं अर्धं पाणी फ्रिजमध्ये तसंच राहिलं. आतडं नीट दिसेना, तपासणी अर्ध्यात थांबवली, पुन्हा सगळं करावं लागलं. ‘शौचाला नुसतं पिवळट, नितळ पाणी होईपर्यंत सगळं औषध प्या’ असं लिहा. तिला कोणी एवढं सांगितलं नव्हतं.