बाल्कनीच्या कठड्याला नुसती टफन काच पुरेशी आहे का?

नववा_मजला:
ठाण्यात आमच्या इमारतीचा पुनर्विकास होऊन दोन वर्षं झाली. जुन्या लोखंडी कठड्यांच्या जागी बिल्डरने 12 मिलिमीटरच्या टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या, काचा लावल्या. गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचला आमच्या बाल्कनीतली एक काच आपोआप फुटली. कोणी हात लावला नव्हता, वाराही नव्हता. खालच्या दोन क्लिपांत चार बोटं काच उरली होती, बाकी सगळी पार्किंगमध्ये. वॉचमनने झाडून दोन पोती भरली. सगळा काही बारीक चुरा नव्हता, मुठीएवढी ढेकळंही होती आणि त्यातलं एक स्कूटरच्या सीटमध्ये रुतलेलं. सात वाजता तिथेच शाळेची बस लागते.

माझं मत: उंचावरच्या कठड्याला लॅमिनेटेड काचच हवी, म्हणजे दोन काचांच्या मधे पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा चिकट थर असलेली. ती तडकली तरी तुकडे थराला धरून राहतात. कमिटी म्हणते, टफन म्हणजेच सेफ्टी ग्लास, आणखी काय हवं? रविवारी सभा आहे. विरोधातलं मतही मोकळेपणाने लिहा.

काचेचा_धंदा:
बावीस वर्षं याच कामात आहे. टफनला उगाच बदनाम करू नका. भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने एकदम थंड केलेली ती काच साध्या काचेच्या चौपट तरी मार सोसते. बऱ्याचदा दोष फिटिंगचा निघतो. क्लिपमध्ये रबर न घालता स्टील थेट काचेला टेकवतात, कडेचा टवका उडतो आणि मग एखाद्या दिवशी काच जाते. सेफ्टी ग्लासच्या भारतीय मानकाचा, म्हणजे आयएस 2553 चा शिक्का बघून घ्या, नीट बसवून घ्या, टफनच चालेल. लॅमिनेटेडचा खर्च जवळपास दुपटीवर जातो. सगळे फ्लॅटवाले तेवढे पैसे काढतील असं वाटत नाही.

रेवाची_आई:
माझी मुलगी चार वर्षांची आहे. रोज संध्याकाळी काचेला नाक टेकवून बाबांची स्कूटर येताना बघते. तिच्या नाकाचा आणि दोन्ही तळव्यांचा ठसा मी रोज पुसते. दादा, तुमची काच चौपट मजबूत असेल, पण ती फुटते तेव्हा अख्खी जाते आणि कठडाच उरत नाही. घरातल्या दाराला ते चालेल, तिथे मूल जमिनीवरच असतं. आमच्या बाल्कनीत त्या काचेपलीकडे काहीच नाही.

साइट_इंजिनियर:
फिटिंगचा मुद्दा बरोबर, पण तो अर्धाच. काच बनताना निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण आत राहू शकतो. टफन करताना झटकन थंड केल्यामुळे तो आकसलेल्या अवस्थेतच अडकतो आणि पुढे महिन्यांनी, वर्षांनी हळूहळू फुगतो. मग काच काहीही न लागता फुटते. फुटलेली काच चौकटीत राहिली तर सुरुवातीच्या जागी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसतात. हीट सोक करून घेतल्यास, म्हणजे तयार काच पुन्हा भट्टीत काही तास तापत ठेवल्यास, कण असलेल्या बहुतेक काचा कारखान्यातच फुटतात. बहुतेक, सगळ्या नाहीत. म्हणून जिथून माणूस खाली पडू शकतो तिथे लॅमिनेटेड, हेच मी ड्रॉइंगवर लिहितो. इमारतीतल्या काचेसाठी आयएस 16231 ही वेगळी संहिता आहे. कमिटीने ती वाचावी.

काचेचा_धंदा:
मग आहे त्याच काचांना सेफ्टी फिल्म लावा. स्वस्तात काम होईल.

साइट_इंजिनियर:
घरातल्या खिडकीला चालेल, तिथे चारही बाजूंनी चौकट असते. इथे काच दोन क्लिपांवर उभी आहे. फिल्म तुकड्यांना एकमेकांशी धरेल, पण क्लिपमधून सुटली तर गोधडीसारखी अख्खी खाली येईल. तीन बाय चार फुटांची 12 मिलिमीटरची काच म्हणजे तेहतीस किलो. सुटे तुकडे परवडले.

जुना_कठडा:
मला मुळात काचच नको. आमच्या चाळीत उभ्या सळ्यांचा कठडा साठ वर्षं टिकला. दर दिवाळीआधी ऑइलपेंटचा हात मारायचो, बस. गंज डोळ्यांना दिसतो, काचेतला कण दिसत नाही. आणि लॅमिनेटेडचं एवढं कौतुक कशाला? आमच्या ऑफिसात उघड्या कडेतून पावसाचं पाणी शिरून चार पावसाळ्यांत काचा कडेने दुधाळ झाल्या. सळ्या उभ्याच हव्यात, आडव्या असल्या तर मुलं शिडी करतात.

रेवाची_आई:
मला हे पटतंय. उजेड-वारा तर सळ्यांतूनही येतो. काच दिसायला छान, एवढंच.

साइट_इंजिनियर:
दुधाळ होण्याचा मुद्दा खरा आहे. वरची कड चॅनेलने झाकायला हवी. त्यावर स्टीलचा हँडरेल, तोही काचेवर नाही, दोन्ही भिंतींत पक्का. लॅमिनेटेडमधल्या दोन्ही काचा टफन असतील आणि दोन्ही फुटल्या, तर ती ओल्या चादरीसारखी लोंबते. तेव्हा माणसाला धरायला हँडरेलच असतो.

नववा_मजला:
हे मला माहीत नव्हतं. मी नुसती काच बदला म्हणून भांडत होतो. आता सभेत दोन ठराव मांडतो. एक, लॅमिनेटेड काच, वरून चॅनेल आणि भिंतीत बसवलेला हँडरेल. दुसरा, उभ्या सळ्या. दोन्हींचे कोटेशन घेऊन जातो. टफन पुन्हा लावायला माझा विरोध राहील. काचेचा धंदावाले दादा, क्लिपांतलं रबर शनिवारी घरोघरी तपासतोय, तुम्हाला येता आलं तर बरं होईल. माझ्या बाल्कनीला बांबू आडवे बांधून जाळी लावली आहे आणि बस आता मागच्या गेटला थांबते.