विषय: पुण्याहून तापोळा, आईचं माहेर – एका दिवसात होईल का?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडातल्या शाळेच्या मेच्या सुट्टीला (हाफ टर्मला) जोडून आठ दिवस पुण्यात आहोत, कोथरूडला. आईला (वय ७४, एक गुडघा नवा, एक जुना) तिच्या माहेरी न्यायचंय. गाव तापोळ्याच्या पलीकडे, शिवसागर जलाशयाच्या काठावर. मामा तिथेच असतो. अंतर साधारण १५० किलोमीटर, नकाशा चार तास दाखवतोय. सकाळी सहाला निघायचं, वाटेत पाचगणीचं टेबललँड, मामाकडे जेवण, महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी आणि रात्री घरी, असा बेत आहे. गाडी मीच चालवू की ड्रायव्हर घेऊ?

– हॅरोकर

*

हॅरोकर,

मेच्या शेवटी स्ट्रॉबेरी कसली? करवंदं खा.

माझंही आजोळ त्याच बाजूचं, म्हणून सांगते. ‘एका दिवसात’ हे डोक्यातून काढा. चार तास हे रिकाम्या रस्त्याचे. मे महिन्यातल्या शनिवारी पाचगणीतच तास जातो. मुक्कामाला जा आणि मामांना तसं आधी कळवा. तुम्ही नुसतं ‘येतोय’ म्हणालात, तर ते मुक्कामच धरतील. माझ्या भावाने असंच केलं. दुपारी चारला ‘निघतो’ म्हणाला, तेव्हा मामी चुलीवर रस्सा ठेवून बसल्या होत्या आणि गाद्या गच्चीवर उन्हात टाकलेल्या. सहा वर्षं झाली, अजून ऐकवतात.

ड्रायव्हर घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना काढलात तरी पसरणी घाटात समोरून एसटी आली की तो खिशातच राहतो. मुक्कामाचा भत्ता आधी ठरवून घ्या, आणि ड्रायव्हर कुठे झोपणार, हेही मामांना विचारा. हे कुणी विचारत नाही, मग तो बिचारा गाडीत झोपतो.

खंबाटकीचा बोगदा ओलांडला की सुरूर फाट्याला वाईकडे वळा. वाईत थांबायचंच, पण नुसतं ढोल्या गणपतीला नाही. मामांना फोन करून विचारा, काय आणू. चॉकलेटचे डबे नेऊ नका, घाट चढेपर्यंत त्यांचं पिठलं होतं. माझ्या मामांनी मला एकदा बीपीच्या गोळ्या, दोन किलो कांदे आणि बॅटरीचे सेल सांगितले होते. त्याचं जेवढं कौतुक झालं, तेवढं इथून नेलेल्या परफ्यूमचं कधी झालं नाही. पुढे मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून फोन वाईतूनच. पेट्रोलही तिथेच.

मागच्या सीटवर आलेपाक ठेवा. ज्याला गाडी लागत नाही असं वाटतं, त्यालाच लागते.

आणि पलीकडे गाडी तराफ्यावरून न्यायची असेल, तर तो चालू आहे ना, ते विचारा. मेअखेर पाणी इतकं खाली जातं की बोट लागायची जागाच सरकते.

– रेडिंगची ताई

*

सर्वांस,

ताईंचा सल्ला उत्तम, एक दुरुस्ती. पुण्याहून जाताना खंबाटकीचा बोगदा लागत नाही. जाताना घाट चढायचा, बोगदा येताना. (तिथे नव्या बोगद्यांचं काम आहे. ते पूर्ण वापरात आल्यावर ही दुरुस्ती मी मागे घेईन.) सुरूरलाच वळल्यामुळे आनेवाडीचा टोल वाचतो, खेड-शिवापूरचा वाचत नाही. शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा, हे मुलांना सांगावं. मुलं ऐकत नाहीत, तरी सांगावं.

दुसरा रस्ता साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला, पुढे लाँच. गुडघ्याचा विचार करता मी तो सुचवणार नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हे मात्र ड्रायव्हरला ठाऊक असेलच, असं धरू नका.

तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणणाऱ्या पाट्या दिसतील. दुर्लक्ष करावं. ते कोयनेच्या धरणाचं पाणी आहे आणि त्याखाली गावं आहेत.

– जुना सदाशिवपेठी, सध्या क्रॉयडन

*

मंडळी,

जाऊन आलो. मुक्काम केला. ताई, ड्रायव्हरची खाट ओसरीवर पडली आणि तो आमच्याआधी घोरायला लागला.

वाईतून मामाला फोन केला. त्याने तंबाखूची चुना-डबी आणि ‘कोणतंही पाव’ सांगितलं. तापोळ्याला गाडी अलीकडेच ठेवावी लागली. उतार नुसता चिखल, वाळून भेगा पडलेला. मामा छोटी बोट घेऊन आला. आईला दोघांनी धरून बसवलं, तर ती म्हणाली, “मी इथे पोहायचे, मला काय धरता.” पोहायची ती नदीत. तेव्हा इथे तलाव नव्हता.

आता खरी गोष्ट. मामाचं आजचं घर वर, टेकाडावर. जुनं घर साठच्या दशकात पाण्याखाली गेलं, तेव्हा आई दहा-अकराची. मे महिन्यात त्याचं जोतं उघडं पडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मामा संध्याकाळी म्हणाला, “चल आक्का, घर बघून येऊ.” मला वाटलं, शेजारचं कुणाचं.

गुडघाभर उंचीचे घडीव दगड, एका रांगेत. कोपऱ्यात जात्याची खालची तळी, तिच्या भोकात शिंपले. आई रडेल म्हणून मी पाण्याची बाटली तयार ठेवली होती. ती रडली नाही, भांडली. मामा म्हणाला, हा गोठा. आई म्हणाली, छे, ही पडवी, गोठा उगवतीला होता, तू तेव्हा दुपट्यात होतास, तुला काय कळतंय. मामा म्हणाला, दादांनी सांगितलंय. आई म्हणाली, दादा मुंबईला माथाडीत होते, घरी कधी होते! काठी टेकत तिने पावलं मोजली. उंबऱ्यापासून अकरा. मामाने मोजली तर नऊ. अंधार पडला तरी दोघं जागचे हलेनात. शेवटी मामीने वरून हाक मारली, भाकरी गार होताहेत म्हणून.

परतताना डिकीत एक फणस, करवंदांचा डबा आणि पायली तांदूळ. फणस पुण्यापर्यंत पिकला. गाडीला अजून वास येतोय, असं ड्रायव्हरने कळवलंय.

टेबललँड राहिलं.

काल आईचा कोथरूडहून फोन होता. मामाने पुतण्याला टेप घेऊन खाली पाठवलं होतं, पण घाटमाथ्यावर पाऊस धरलाय आणि जोत्याचा खालचा कोपरा बुडालाय. राहिलेलं माप आता पुढच्या मेमध्ये.

– हॅरोकर